साकव झाला तर

"सगळ्यांनी आपापले फोन आणा बघू," केतकी मॅडम म्हणाल्या, आणि आम्ही पल्याडवाडीची माणसं उठून हनीफकाकांच्या दुकानातल्या भिंतीकडे गेलो.

त्या भिंतीला ओळीनं खिळे मारलेले होते आणि खिळ्यांना पिशव्या टांगलेल्या. कुणाची धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी, कुणाचा लग्नात मिळालेला जरीचा बटवा, तात्या गोताडांची तर चक्क देवळातल्या अंगाऱ्याची. प्रत्येक पिशवीत एक फोन. आमची वाडी नदीच्या एका काठाला, डोंगराला टेकून. तिथं रेंजचं नाव नाही. दुकान, एसटीचा थांबा, ग्रामपंचायत, सगळी दुनिया दुसऱ्या काठाला. मध्ये नदी. पावसात तिच्यात पाय घालायची सोय नाही, थंडीत कमरेएवढी. मांडवकरांच्या पांडूचा फोन एकदा नदी उतरताना वाहून गेला आणि त्यानंतर वाडीनं न बोलता ठरवून टाकलं, फोन दुकानात राहील, माणूस घरी जाईल. कुणाशी बोलायचं असेल तर नदी उतरून यायचं, पिशवीतून फोन काढायचा, मुंबईपर्यंत ऐकू जाईल इतकं ओरडायचं आणि परत टांगून निघायचं. फोन तिथंच, म्हणून चार्जिंगसुद्धा हनीफकाकांच्याच विजेवर. त्यांच्याकडे मग कुणी कुळीथ पोचवायचं, कुणी फणस.

पुण्याहून सरकारी पाहणीसाठी आलेल्या मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, आपण बोलावलं म्हणून लोकांनी फोन आणून रांगेत ठेवलेत. काय शिस्तीची वाडी! आम्हीही काही बोललो नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. शिकलेल्या पाहुणीला आपण होऊन शहाणपण शिकवायला जाणं आमच्यात बरं दिसत नाही.

"तुम्ही काहीच करायचं नाही," मॅडम एकेका फोनमध्ये ॲप घालत सांगत होत्या. "कागद नको, सही नको. फोनला कळतं आपण कुठं आहोत ते. तुम्ही नेहमीसारखे वागा. लोक कुठं राहतात, कुठून कुठं जातात, नदी कुठं ओलांडतात, सगळं फोनच गोळा करतील. जिथं जास्त ये-जा, तिथं साकव."

साकव म्हटल्यावर तात्या गोताड पुढे सरकले. नदीवर पायी जाण्यापुरता एक पूल मिळावा म्हणून तात्यांनी अर्ज लिहिण्यात जन्म घालवला होता. चार सरपंच बदलले, तात्यांचे दात पडले, साकव काही आला नाही.

"म्हणजे बाय, माझ्या अर्जापेक्षा ह्या डबड्याचा शबूद मोठा?"

"अर्ज म्हणजे मागणी, तात्या. हा पुरावा असतो."

पुरावा म्हटल्यावर तात्यांना कोर्ट आठवलं असावं. ते गपचूप मागे जाऊन बसले.

हनीफकाका तांदूळ मोजत होते. मोजता मोजता त्यांनी माझ्या बाबांना हटकलं. "बुधाजी, रुणाली यंदा दहावीला ना? पोर हुशार आहे. पुढं काय?"

बाबा फोन पिशवीत घालत होते. मान वर न करता म्हणाले, "साकव झाला तर जाईल की कॉलेजात."

सगळे हसले. मी हसले नाही. मी तो शब्द तिथल्या तिथं पदरात पाडून घेतला. दहावीपर्यंतची शाळा आमच्याच काठाला होती, डोंगर चढून जावं लागे, पण नदी मध्ये येत नसे. अकरावीला मात्र तालुक्याला जायचं म्हणजे रोज नदी ओलांडून एसटी धरायची, आणि कॉलेज नेमकं ऐन पावसात सुरू होतं. म्हणून आमच्या वाडीत मुलगी दहावी झाली की मुंबईला जायची. माझ्यासाठी बोरिवलीच्या आत्यानं पॅकिंगच्या कंपनीत बोलूनसुद्धा ठेवलं होतं. दोन-तीन वर्षं डब्यांना चिकटपट्ट्या लावायच्या, मग आत्याच बघेल त्या मुलाशी लग्न. मला शिकायचं होतं. मला इतकं शिकायचं होतं की त्या दिवशी घरी जाताना नदीत शिरल्यावर मी खालच्या दगडांना सांगत होते, बाबांनो, आता तुमच्यावर पाय ठेवायची वेळ येणार नाही.

मॅडम एसटीनं गेल्या. आम्ही फोन परत खिळ्यांना टांगले आणि नेहमीसारखे वागलो.

जानेवारीत मॅडम आल्या त्या गोंधळलेल्या चेहऱ्यानं. दुकानाच्या पडवीत तांदळाच्या पोत्यावर त्यांनी लॅपटॉप ठेवला. आम्ही भोवती कोंडाळं केलं.

"हा हिरवा ठिपका दिसतोय? हे तुमच्या वाडीतले सगळे लोक."

"आणि ही जागा कुठली?" तात्यांनी विचारलं.

"हे दुकान." मॅडमनी वर पाहिलं, खाली पाहिलं, दोन बाजल्यांएवढ्या त्या दुकानावरून नजर फिरवली. "तुम्ही सगळे रात्रंदिवस इथंच असता. झोपायलासुद्धा. कुणी हलत नाही."

"या अल्ला," हनीफकाका म्हणाले, "आणि मला पत्ता नाही!"

"मग आमची वाडी?" आईनं विचारलं.

मॅडमनी बोटानं नकाशा नदीपार सरकवला. तिकडे नुसता करडा रंग. "इथं काहीच दिसत नाही. निर्मनुष्य."

"अगो बाय माझे! मग सकाळी उठून मी भाकऱ्या कोणाच्या मढ्यावर थापल्या?"

आईचं तोंड असंच. माझं तिच्यावरच गेलंय. मग कुणीतरी मॅडमना भिंतीवरचे खिळे दाखवले आणि सगळी हकीकत सांगितली. ऐकता ऐकता मॅडम पायरीवर बसल्या त्या बसल्याच.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंच नाय," पांडू म्हणाला. फोन वाहून गेल्यापासून या विषयावर आपला अधिकार आहे असं त्याला वाटायचं.

"अहो, वर अहवाल गेला! वाडीत कुणी राहत नाही म्हणून साकव रद्द. आणि इथं दाट वस्ती आहे, लोक दिवसभर एका जागी बसून असतात, तब्येतीला बरं नाही, म्हणून तालुक्याचे साहेब दुकानासमोर व्यायामाची यंत्रं बसवा म्हणतायत."

त्या वेळी माझ्या आईच्या डोक्यावर काकांना द्यायला आणलेला लाकडाचा भारा होता. बोलण्यात गुंतल्यानं तो खाली ठेवायचा राहिला होता. तिनं फक्त माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडे बघितलं. मला रडू येत होतं आणि कुणाला तरी फाडकन मारावंसंही वाटत होतं. तेवढ्यात बाबा काकांना म्हणाले, "असू दे, असू दे. नशिबात नाय त्याला काय करणार." आवाज इतका मोकळा होता की मला नवलच वाटलं.

मॅडम मात्र चिकाटीच्या. त्यांनी साहेबांकडून आणखी एक महिना मागून घेतला. "फोन अंगावर ठेवा. घरी न्या. प्लीज."

मग फोन घरी आले. दोन-दोन पिशव्यांत गुंडाळून, डोक्यावर धरून, नवरदेव मिरवावा तशी माणसं फोन घेऊन नदीतून आली. घरी रेंज नसल्यानं ते फोन देव्हाऱ्याशेजारी ठेवून सगळे आपापल्या कामाला लागले. कुळीथ काढायचा, लाकडं फोडायची, भाजावळीसाठी, म्हणजे शेत भाजायला, डहाळ्यांची कवळं तोडायची. थंडीतली सगळी कामं आमच्याच काठाला. आठवड्याचा बाजार करायचा तेवढंच नदीपार जाणं, तेही सगळ्यांत मिळून दोघं-तिघं.

पुढच्या बाजाराला मी बाबांबरोबर गेले आणि काकांच्या दुकानातून मॅडमना फोन लावला.

"आता वाडी दिसतेय, रुणाली," मॅडम म्हणाल्या. "रेंजमध्ये आला की फोन मागची सगळी वाट वर पाठवतो. पण नदी कुणी ओलांडतच नाही. साहेब विचारतात, आठवड्याला दोन-तीन माणसांसाठी साकव कशाला?"

"अहो मॅडम, साकव नाही म्हणून आम्ही जात नाही!"

"मला कळतं गं."

"मग सांगा ना त्यांना!"

"ते म्हणतात, आकड्यात दाखव."

मी फोन इतक्या जोरात आपटला की काकांनी आधी फोन बघितला, मग मला बरणीतली एक लिमलेटची गोळी दिली. परतताना बाबा पुढे आणि मी मागे अशी नदी उतरलो. पाणी गार होतं. बाबा मधेच थांबून म्हणाले, "बोरिवलीला नळाला चोवीस तास पाणी असतं म्हणे." म्हटलं, हा माणूस मला धीर देतोय. किती भाबडी होते मी!

संध्याकाळी पडवीत बसून डोळे पुसत होते आणि समोरून वाडीच्या म्हशी परत येत होत्या. ओल्या, चकचकीत, पोटभर चरून आलेल्या. सगळ्यांच्या पुढे आमची मोगरी. वाडीच्या म्हशी रोज सकाळी वरच्या अंगाला डोहापाशी नदीत शिरायच्या, ऊन चढलं की पाण्यात बसायच्या, मग पलीकडे सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, चरायला जायच्या आणि संध्याकाळी तशाच परत. राखायला माणूस लागत नसे. पूर्वापार तीच वाट, ना खाडा ना सुट्टी. माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला.

"आई," मी म्हटलं, "आपल्या वाडीत रोज नदी कोण ओलांडतं?"

आईनं मोगरीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि तोंडाला पदर लावून हसत सुटली.

तात्यांच्या अंगणात वाडी जमली. तात्यांना ते मुळीच पसंत नव्हतं. "सरकारला फसवायचं? मी उभ्या जल्मात खोटा अर्ज केलो नाय."

"आणि सरकारनं तुम्हाला जितेपणी भूत केलं, ते चाललं?" आई म्हणाली. "तात्या, तुमचे खरे अर्ज कुठं पोचले ते सांगा. मग आपण म्हशींचं बोलू."

तात्या विचारात पडले. "पण फोन भिजतील."

"शिंगात बांधू," मी म्हटलं. "म्हैस डोहात कितीही बसली तरी डोकं वर असतं. आणि सड्यावर रेंज आहे, तिथं पोचलं की दिवसभरातली सगळी वाट आपोआप वर जाते. मॅडमनीच सांगितलंय."

"पोरगी शिकल्याली हाय खरी," पांडू म्हणाला. त्याच्याकडे बांधायला फोन नव्हता, त्यानं म्हशी देऊ केल्या.

बाबाच तेवढे अडून बसले. "माझा फोन नको. म्हशीनं पाडला तर? बहिणीचा फोन येतो त्याच्यावर."

"घरात रेंज नाय, बहीण काय देव्हाऱ्यातून बोलते?" आईनं त्यांच्या हातातून पिशवी घेतली आणि सकाळी सगळ्यांत आधी मोगरीच्या शिंगांत करकचून बांधली. मोगरीनं एकदा मान झटकली आणि चालू लागली. तिच्या मागून सगळा कळप निघाला. कुणाच्या शिंगात दुधाची पिशवी, कुणाच्या जरीचा बटवा. गौरी माहेराला निघाव्यात तशा दिसत होत्या.

फेब्रुवारी संपताना मॅडम आल्या. या वेळी त्या नदी उतरून थेट वाडीत आल्या, पाणी उतरलेलं तरी सलवार गुडघ्यापर्यंत ओली. चेहरा उजळलेला.

"कमाल केलीत! रोज, सगळे, दोन वेळा! एवढी ये-जा आमच्या कुठल्याच गावात नाही." मग त्यांनी लॅपटॉप उघडला. "फक्त दोन-तीन गोष्टी कळत नाहीत. तुम्ही इतक्या वर, डोहापाशी का ओलांडता? समोरून जवळ नाही का?"

तात्या खाकरले. "सवय हाय. वाडवडलांपासून."

"बरं. आणि नदीच्या मधोमध सगळेच्या सगळे दीड-दीड तास थांबतात. ते का?"

शेवटी आई म्हणाली, "आंघोळीला."

"सगळे एकदम?"

"एकोप्याची वाडी हाय आमची."

"आणि सड्यावर दिवसभर नुसते इकडून तिकडे..."

नेमक्या त्याच वेळी मागच्या पाणंदीतून म्हशी आल्या. म्हशीला कुठं वेळकाळ असतो! मोगरी सरळ अंगणात शिरली, मॅडमच्या लॅपटॉपला नाक लावून हुंगली आणि फुस्सकन श्वास सोडला. तिच्या शिंगांमधली पिशवी मॅडमच्या डोळ्यांसमोर हलत होती. आतल्या फोनचा हिरवा दिवा लागलेला.

संपलं सगळं, बोरिवली पक्की, असं मनात आलं. मॅडमनी त्या पिशवीकडे बघितलं. मग त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि लॅपटॉप मिटला.

"फोन खरेच आहेत," त्या सावकाश म्हणाल्या. "नदी खरंच ओलांडलेली आहे. आकडे खोटे नाहीत." आणि उठताना म्हणाल्या, "मार्चअखेरीच्या आत निधी संपवायचाय त्यांना. कुणी प्रत्यक्ष बघायला येणार नाही."

"बाय, मंग साकव वाडीसमोर घाला ना," तात्या काकुळतीला आले. "डोहापाशी म्हंजे रानातून अर्धा कोस चाल."

"तात्या, जिथं आकडे तिथं साकव. आता मला काही हलवता येणार नाही."

आणि खरोखर, ज्या साकवापायी तात्यांचे दात पडले, तो मे महिना संपायच्या आत उभा राहिला. लोखंडी, दोन्ही बाजूंना कठडे, लाल रंग. एप्रिलभर गडी खड्डे खणत होते आणि म्हशी बाजूला पाण्यात बसून रवंथ करत बघत होत्या. साकव झाल्यावरही त्या त्याच्यावर कधी चढल्या नाहीत. त्यांना काय गरज?

माझा दहावीचा निकाल चांगला लागला, शाळेत पहिली आले. मी पेढे घेऊन बाबांपुढे उभी राहिले. बाबांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि म्हणाले, "आत्याचा निरोप हाय. पुढच्या सोमवारची तिकिटं काढलीत."

"कसली तिकिटं? साकव झालाय, बाबा."

"तो कसला साकव! म्हशींचा तो. रानातून जायचं, पावसात जायचं, पोरीच्या जातीनं एकटीनं. कोण सोडणार तुला रोज?"

"तुम्ही शब्द दिला होता. हनीफकाकांच्या दुकानात, सगळ्यांसमोर."

बाबा चिडले. फार क्वचित चिडायचे. "अगो, मना काय ठावं खरंच होईल म्हणून! तात्याचं उभं आयुष्य गेलं, नाय झाला. म्हणून तर म्हटलं मी!"

बोलून गेले आणि हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे बघत राहिले. मला सगळं एकदम कळलं. साकव रद्द झाला तेव्हाचा तो मोकळा आवाज, नदीच्या मध्यात थांबून सांगितलेलं नळाचं पाणी, मोगरीला फोन द्यायचा नव्हता ते. माझ्या बापानं मला जे वचन दिलं होतं ते साकव होणार नाही या भरवशावर दिलं होतं. वाईट माणूस नव्हता तो. पोरीला तोंडावर नाही म्हणवत नव्हतं, म्हणून त्यानं नाही म्हणायचं काम नदीवर सोपवलं होतं, एवढंच. पण त्या दिवशी मला त्याचा इतका राग आला की उरलेले पेढे मी मोगरीपुढे टाकले.

रविवारी साकवाचं उद्‌घाटन. डोहापाशी मांडव, खुर्च्या, माईक. तालुक्याचे साहेब आले, गावातले पुढारी आले, हनीफकाका आले, पेपरवाला आला, केतकी मॅडम एका कडेला उभ्या राहिल्या. मी येणार नव्हते, आईनं दंडाला धरून आणलं. दुसऱ्या दिवशीची तिकिटं बाबांच्या खिशात होती.

साहेबांनी फीत कापली आणि माईक हातात घेतला. "हा साकव कुणा पुढाऱ्यानं आणलेला नाही. तुमच्या पावलांनी आणलाय. लोकांनी स्वतः गोळा केलेल्या माहितीवर झालेला तालुक्यातला हा पहिला साकव! आणि यात सगळ्यांत जास्त वेळा नदी ओलांडणाऱ्या नागरिकाचा आज आपण सत्कार करणार आहोत. सगळ्यांच्या पुढे असायचे हे गृहस्थ. थंडी नाही, ऊन नाही, एक दिवस खाडा नाही. श्रीयुत बुधाजी राघो धुमक!"

टाळ्या पडल्या. वाडीकडून जरा उशिरा पडल्या. बाबा जागेवरच बसून राहिले, तेव्हा पांडूनं त्यांना मागून ढकललं. स्टेजवर त्यांना शाल पांघरली, नारळ दिला. बाबांचा चेहरा देवापुढे उभ्या केलेल्या बोकडासारखा झाला होता.

"धुमककाका," साहेब प्रेमानं म्हणाले आणि माईक त्यांच्या तोंडाशी नेला, "लोकांना कळू द्या. रोज न चुकता पलीकडे कशासाठी जात होतात?"

तात्यांनी डोळे मिटले. केतकी मॅडम चपलांकडे बघत होत्या. बाबांनी समोर बघितलं. अख्खी वाडी त्यांच्याकडे बघत होती, एकेका माणसाच्या डोळ्यांत तीच विनवणी, म्हैस म्हणू नको. आणि सगळ्यांच्या पुढे आई. ती विनवत नव्हती. ती कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून, नुसती बघत होती.

"मी..." बाबा म्हणाले. माईक किंचाळला. "माझी पोर..."

"हां, बोला बोला."

"पोर दहावी झाली. पयली आली शाळेत. तिला तालुक्याला कॉलेजात घालायचंय." बाबांनी शाल सावरली. "रोज मीच सोडायला येणार. म्हणून... वाट पायाखालची करून ठेवत होतो."

मग हनीफकाकांनी टाळी वाजवली आणि सगळा मांडव उठला. साहेबांनी बाबांना मिठी मारली. चष्मा काढून डोळे पुसले हो त्यांनी! "याला म्हणतात बाप! कुठं आहे ती मुलगी? ये बाळ, वर ये. पुढच्या महिन्यात मी स्वतः कॉलेजात येऊन विचारणार, रुणाली धुमक कुठल्या वर्गात आहे म्हणून."

मी वर गेले. पेपरवाल्यानं फोटो काढला. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला, 'लेकीसाठी नदी ओलांडणारा बाप'. हनीफकाकांनी त्याला काच लावून दुकानात टांगला. आत्याची तिकिटं त्याच दुकानात बसून बाबांनी फाडली. फाडताना म्हणाले, "तुझ्या आईनं मारलंन असतं मला." आई म्हणाली, "मारलंच असतं."

साहेब काही कॉलेजात आले नाहीत. ते कधीच येत नसतात. पण ते बाबांना कुठं माहीत होतं? जुलै उजाडला आणि बाबा छत्री घेऊन माझ्यापुढे निघाले. रानातून अर्धा कोस, गुडघाभर चिखल, पायाला जळवा. खाली नदी नुसती खवळलेली आणि वर आम्ही दोघं, कठडा धरून. मला एसटीत बसवायचे, परत जायचे, शेतात लावणी करायचे आणि संध्याकाळी पुन्हा थांब्यावर हजर. सुरुवातीला तोंड वाकडं असायचं. मग एसटीचे कंडक्टर त्यांना पेपरातले काका म्हणून नमस्कार करायला लागले. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "आज काय शिकवलान?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. ताप आलेला असताना आले, आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी आले. बारावी होईपर्यंत रोज आले.

आता मी तालुक्याच्याच कॉलेजात शिकवते आणि बाबा भेटेल त्याला सांगतात की पोरीसाठी आपण आधीपासून रोज नदी ओलांडत होतो. त्यांना ते खरंच वाटतं. मी कधी दुरुस्त करत नाही.

पण त्या पहिल्या ऑगस्टमधली एक सकाळ राहिली सांगायची. पावसाचा मार खात आम्ही दोघं थांब्यावर पोचलो होतो, मी वेणी पिळत होते आणि बाबा पायाच्या जळवा काढत होते. तेवढ्यात काकांनी दुकानातून हाक मारली, खिळ्याला टांगलेल्या बाबांच्या पिशवीत केतकी मॅडमचा फोन वाजत होता.

"रुणाली, वाईट बातमी आहे," मॅडम म्हणाल्या. "साकव वापरात आहे का म्हणून वरच्यांनी नकाशा काढला. महिनाभरात साकवावरून एकही माणूस गेलेला नाही असं दिसतंय. कुणीच जात नाही का गं?"

मी बाबांना सांगितलं. बाबांनी पायाचं रक्त धोतरानं पुसलं, छत्री झटकली आणि परत जायला उठले.

"बरं झालं," ते म्हणाले. "नायतर परत शाल घ्यायला जायला लागलं असतं."